रैन बसेऱ्याची दुसरी मात्रा

पांढुर्ण्याच्या कन्या शाळेत मी हिंदी शिकवायचे. राज्य मध्य प्रदेश, कारभार हिंदीत, आणि वर्गातल्या पोट्ट्या साऱ्या मराठी. घरी मराठी, बाजारात मराठी, भांडण मराठीत. हिंदी काय ती माझ्या तासाला. त्यांच्या वह्यांत 'है'च्या डोक्यावर कायम एकच मात्रा. 'लडका जाता हे.' मी लाल पेन घेऊन दुसरी मात्रा देत बसायचे. एकदा एका पोट्टीनं मला विचारलं, "बाई, एका मात्रेनं काय बिघडते?" मी तिला तासभर वर्गाबाहेर उभी केली. आज ती भेटली तर सांगेन, एका मात्रेनं एका बाईचा पाय जायला निघाला होता.

आधी माझ्या रागाचं सांगून टाकते. मी मूळची सौंसरची, पांढुर्ण्याला दिलेली. दोन्ही गावांत संत्री तीच, कापूस तोच, बोली तीच. तरी पांढुर्ण्यात सौंसरचं माणूस म्हटलं की लोकांना उगीच चेव येतो. माझा आवाज चढला की आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "सौंसरची गाडी सुटली." म्हणोत बापडे. राग नसता तर त्या गोडाऊनला लागलेलं कुलूप निघालं नसतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. वरून हुकूम आला की गावात ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी 'रैन बसेरा' उघडा. हुकूम आला, इमारत काही आली नाही. त्या वेळचे नगरपालिकेचे साहेब उत्तरेकडचे, गोड हिंदी बोलणारे आणि डोकेबाज. त्यांनी एका दुपारी गावातल्या चार जणांना चहाला बोलावलं आणि कप खाली ठेवायच्या आत एक समिती बनवून टाकली. नगरपालिका दिवा, पाणी, झाडझूड आणि एक चौकीदार देणार. स्टेशनमागच्या रस्त्यावरचे एक संत्रा व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणत, ते आपलं गोडाऊन देणार. सरकारी दवाखान्यातली सिस्टर येऊन औषधपाणी पाहणार. आणि आमचं महिला मंडळ रोज संध्याकाळी भाकर-वरण पोचवणार. मंडळाची सेक्रेटरी मी. चौघांनी मिळून एक काम करायचं, हे आमच्या गावानं लग्नाच्या पंगतीशिवाय कुठं पाहिलं नव्हतं.

समितीचा कारभार पाहायला एक बाबूजी नेमले. कचेरीतून निवृत्त झालेले, माणूस प्रामाणिक, पण कागदावर जे लिहिलं ते ब्रह्मवाक्य मानणारे. गोडाऊनवर पाटी लागली आणि लगेच साहेबांची बदली झाली. पाटी पाहिली तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. पेंटरनं 'रेन बसेरा' रंगवलं होतं, एका मात्रेनं. मला वाटलं, हाही माझ्या वर्गातल्या पोट्ट्यांसारखाच. उद्घाटनाला मी तसं बोललेही, पण ढोल वाजत होता, कोणी ऐकलं नाही. मंडळातल्या एका काकूंनी त्या दिवशी जुन्या छत्र्यांचा एक गठ्ठा बसेऱ्याला दान दिला. मी मनात म्हटलं, वा, काय दानत आहे.

पावसाळा लागला तशी माणसं आली. जिनिंगच्या कामासाठी डोंगरपट्टीतून उतरलेली आणि काम संपल्यावर परत जायला गावच न उरलेली दोन कुटुंबं. पोरांनी घराबाहेर काढलेला एक म्हातारा हमाल. आणि फडेवाली. शिंदीच्या पानांचे फडे, म्हणजे झाडू, बांधून विकणारी ती बाई माझ्या शाळेच्या फाटकापाशी बसायची. चाळिशीची असेल. नवरा गेला तेव्हा दिरांनी तिला झोपडीतून काढलं, तेव्हापासून ती शेडखाली, ओट्यावर, जिथं जागा मिळेल तिथं. पण फडा कसा बांधायचा तिनं! शाळेचा अख्खा व्हरांडा झाडून निघाला तरी त्याची एक काडी सुटत नसे.

त्या उन्हाळ्यात शिंदी तोडताना एक काटा तिच्या घोट्याजवळ घुसला. तिनं हळद भरली, चिंधी बांधली आणि कामाला लागली. बसेऱ्यात आली तेव्हा घोट्यावर जखम उघडी पडली होती आणि पाय सुजून लाल झाला होता. सिस्टरनं पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, हा पाय वाचतो. पण रोज पट्टी झाली पाहिजे, पाय वर ठेवून पडून राहिलं पाहिजे आणि धूळ लागायला नको. यातलं एक जरी चुकलं तर नागपूरला पाठवावं लागेल, आणि तिथं तो काढतील." पायच गेला तर शिंदी कोण तोडणार आणि फडे कोण बांधणार?

पावसाळाभर झालंही तसंच. दिवसरात्र ती भिंतीशी पाय विटांवर टेकवून पडलेली. सिस्टर रोज येऊन पट्टी बदलायची. दवाखान्याच्या वेळेनंतर, स्वतःच्या पायांनी चालत. जखम कडांकडून भरू लागली. मी भाकर घेऊन गेले की फडेवाली पट्टी थोडी वर करून दाखवायची आणि म्हणायची, "पाहा बाई, लहान होऊन राहिली." मला इतका आनंद व्हायचा की घरी येऊन मी ह्यांच्याशी चक्क गोड बोलायचे, आणि ते घाबरून विचारायचे, "काय झालं?"

दसरा झाला. दिवाळीला थोडे दिवस होते. त्या संध्याकाळी डबा न्यायची पाळी माझी. पाहते तर दाराला कुलूप. खिडकीतून डोकावले, आत कोणी नाही, जमीन स्वच्छ झाडलेली. मी डबा घेऊन तशीच स्टेशनाच्या मालधक्क्याकडे गेले. सारे तिथं, शेडखाली. फडेवाली धक्क्याच्या कडेला गार फरशीवर बसलेली, पाय लोंबता, पट्टीवर कोळशाची धूळ.

"काहून वं, इथं काहून बसून राहिली?" मी विचारलं.

"पावसाचं पाणी सरलं ना बाई," ती म्हणाली, जसं काही मी वेडीच आहे.

"सरलं त सरलं. मग?"

"मंग काय. पाण्यापुरतंच होतं ते. चौकीदारानं सांगतलं, आता खाली करा. आम्ही झाडूनपुसून देल्लं."

"पाण्यापुरतं? कोण म्हणे?"

"पाटीवरच लिहून हाये म्हणते. मले का वाचता येते?" मग ती हळूच म्हणाली, "नागपूरले जातो मी, दोनचार दिवसानं. तिथचं स्टेशन मोठं हाये. कोनी उठवत नाही म्हणते."

नागपूर म्हणजे पट्टी बंद. पट्टी बंद म्हणजे पाय गेला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. ज्या जागेवरून तिला काढलं, ती जागा ती झाडून देऊन आली होती.

मी डबा तिथंच ठेवला आणि तडक बाबूजींच्या घरी. ते अंगणात खाटेवर सुपारी कातरत बसले होते.

"बाबूजी, बसेऱ्याला कुलूप कोणी लावलं?"

"मीच. पावसाळा संपला ना मॅडम."

"पावसाळ्याचा काय संबंध?"

बाबूजींनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे मोठ्या दयेनं पाहिलं. "मॅडम, तुम्ही पडल्या हिंदीच्या. इंग्रजी तुमचं कच्चं असेल, त्यात लाजायचं काही नाही. रेन म्हणजे पाऊस. आर, ए, आय, एन. रेन बसेरा. पावसाळी निवारा."

मला आधी हसू फुटलं. मग अंगाचा तिळपापड झाला. "रैन, बाबूजी, रैन! दोन मात्रा! रैन म्हणजे रात!"

"पाटीवर एकच आहे," बाबूजी शांतपणे म्हणाले.

पेंटरला बोलावलं. तो छाती फुगवून म्हणाला की कागदावर दोन मात्रा होत्या खऱ्या, पण साहेबाला इंग्रजी शब्द धड लिहिता आला नसेल असं वाटून त्यानं आपल्या अकलेनं सुधारून रंगवला. मी कपाळावर हात मारला. घरी येऊन ह्यांना विचारलं, "रेन बसेरा म्हणजे काय हो?" हे म्हणाले, "पावसाळी निवारा. का?" आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की काकूंनी छत्र्या का दिल्या होत्या. अख्ख्या गावानं एकच अर्थ धरला होता. हिंदी राज्यात राहणाऱ्या मराठी गावानं हिंदी शब्द इंग्रजीत वाचला होता!

दुसऱ्या दिवशी मी शाळेचा जाडा शब्दकोश बाबूजींच्या खाटेवर उघडून ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "लिहिलं आहे खरं. रैन म्हणजे रात." कागदापुढं ते वाद घालत नसत. पण लगेच म्हणाले, "मला कबूल आहे. शेठला कबूल करवा."

शेठ सोपं प्रकरण नव्हतं. मंडीत उभं राहून माल तपासत ते माझं ऐकत होते, आणि मी संपवल्यावर म्हणाले, "मास्तरीणबाई, मी शब्द दिला तो पावसाळ्याचा. तेव्हा माझं गोडाऊन खालीच राहते. आता आंबिया बहाराचा माल येऊन राहिला. संत्रं कुठी ठेवू? माझ्या डोक्यावर?"

त्यांनी जेवढं देईन म्हटलं होतं तेवढं पूर्ण दिलं होतं, आणि आनंदानं दिलं होतं. त्यांच्यावर रागावता येईना, म्हणून मला आणखीच राग आला.

"अर्धं द्या," मी म्हटलं.

"अन् तिकडं चूल पेटवली कोणी? पॅकिंगचं तणस पडलेलं राहते. एक ठिणगी पडली त सारं भस्म!"

"चूल नाही पेटणार. भाकर आम्ही आणतो. बिडी बाहेर. माझी जबाबदारी."

शेठ संत्रं हातात फिरवत राहिले. मग मी माझा शेवटचा पत्ता टाकला. "ठीक आहे. मी भाऊबीजेला सौंसरला जाऊन राहिली. माझे भाऊ विचारतील, पांढुर्ण्याचा बसेरा कसा चालून राहिला? मी सांगीन, झकास. पाऊस थांबला अन् माणसं बाहेर काढली."

"सौंसरचं नाव मधात आणू नका," शेठ गुरगुरले. आजूबाजूचे हमाल तोंड फिरवून हसत होते. शेठनं हातातलं संत्रं टोपलीत टाकलं आणि म्हणाले, "अर्धं. मागचं दार माझं, पुढचं तुमचं. मधात पेट्यांची भिंत."

मी जिंकले होते. त्या संध्याकाळी फडेवालीला रिक्षात बसवून परत आणलं, तिचं गाठोडं मी स्वतः उचललं. "पाणी त नाही ना बाई," ती सारखी म्हणत होती, "मंग कोनाच्या हकानं राहू?" मी सांगितलं, "रातीच्या हकानं. सरकारनं रातीसाठी दिलं आहे." तिला ते पटलं. रात रोज येते, असं म्हणून ती हसली.

भाऊबीज करून मी सौंसरहून बसनं परतले ती सकाळी. पिशवीत माहेरचे अनारसे, डोक्यात मस्ती. म्हटलं, घरी जाण्याआधी बसेऱ्यावरून जाऊ. आणि पाहते काय, दाराला पुन्हा कुलूप! फडेवाली दाराला पाठ टेकून रस्त्याच्या कडेला बसलेली. समोरून संत्र्यांच्या बैलगाड्या जात होत्या, आणि प्रत्येक गाडीमागे धुळीचा लोट तिच्या पायावर येऊन बसत होता.

बाबूजी मला पाहून खूश झाले. "या मॅडम! तुमची शिकवण अमलात आणली. रैन म्हणजे रात, अन् रात म्हणजे सूर्य बुडाल्यापासून उगवेपर्यंत. पावसाळ्यात मोठी चूक होऊन राहिली होती, लोक दिवसाही आत! आता बरोबर केलं. सकाळी कुलूप, संध्याकाळी उघडं."

देवा रे! माझाच शब्दकोश माझ्या डोक्यात घातला त्यांनी. मी तणतणले, विनवलं, पायाचं सांगितलं. बाबूजींना वाईट वाटत होतं, पण शब्द म्हणजे शब्द. "हुकमात रात आहे मॅडम. दिवस असता त मी दिवसा उघडलं असतं."

मी फडेवालीला म्हटलं, चल माझ्या घरी, ओसरीवर राहा, पाय बरा होईस्तोवर. ती मान हलवत राहिली. "तुमच्या घरी मी कोन म्हणून राहू बाई? बसेऱ्यात मी माझी राहतो." मीही तिच्या जागी हेच म्हटलं असतं.

चार-सहा दिवसांत जखम उलटली. भरत आलेल्या कडा पुन्हा काळ्या पडल्या, वास येऊ लागला. सिस्टर पट्टी बांधून जाताना एवढंच म्हणाली, "आणखी आठ दिवस पाहते, मॅडम. मग मला नागपूरची चिठ्ठी लिहावी लागेल." त्या दिवशी शाळेत मी कोणाच्याच वहीत मात्रा दिली नाही. मला मात्रांची चीड आली होती.

समितीची बैठक मी मागून घेतली. बसेऱ्यातच, शेठच्या अर्ध्या बाजूला, संत्र्यांच्या पेट्यांवर बसून. दुपारची वेळ. बायका माल निवडत होत्या, मोठं एकीकडे, बारीक एकीकडे. सिस्टर ड्युटीवरून तशीच आलेली. फडेवालीला मी मुद्दाम आत बोलावून बसवलं होतं, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं तो पाय सर्वांना दिसेल.

मी तयारी करून आले होते. "बाबूजी, तुम्ही पहिलाच शब्द पाहिला. दुसरा पाहा. बसेरा! बसेरा म्हणजे बसण्याची, टिकण्याची जागा. त्यात रात नाही अन् दिवस नाही."

बाबूजींनी पिशवीतून माझाच शब्दकोश काढला. तो त्यांनी परतच केला नव्हता. पान दुमडून ठेवलेलं. "बसेरा," त्यांनी वाचलं, "पक्ष्यांचं रात्री टेकण्याचं ठिकाण." आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाखरंही रातीच टेकतात, मॅडम."

डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसलं आणि कोणी पाहिलं तर पाहो म्हटलं. फडेवालीनं पाय साडीखाली ओढून घेतला. "जाऊ द्या बाई," ती म्हणाली. "तुम्ही लय केलं. मी जातो नागपूरले."

शेठ तोवर पाठ फिरवून संत्री निवडत होते. बैठकीत आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. ते वळले.

"बाबूजी," ते म्हणाले, "रात तुमची ना?"

"हो. म्हणजे समितीची."

"पक्कं? मास्तरीणबाईनं पुस्तकातून काढून देली ना तुम्हाले? सूर्य बुडाल्यापासून उगवेपर्यंत?"

"अगदी."

"मंग दिवस कोणाचा?"

बाबूजींनी दुमडलेलं पान उलटून पाहिलं. "दिवसाचं त काही लिहिलेलं नाही."

"नाही ना? मंग दिवस माझा. गोडाऊन माझं, दिवस माझा. दिवसा माझ्या गोडाऊनात कोण बसते, कोण निजते, कोण पाय वर करून पडते, ते मी पाहीन. तुमचा चौकीदार सकाळी कुलूप घेऊन आला त त्याले माझ्याकडं पाठवा." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "अन् या बाईले सांगा, माझ्याकडं पुस्तक घेऊन यायचं नाही."

बाबूजींनी शब्दकोश हळूच मिटला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला कळलं, या माणसालाही रोज सकाळी ते कुलूप जड जात होतं. फक्त त्यांना दिवसासाठी कोणाचा तरी शब्द हवा होता. आणि सिस्टर, जी बैठकीत कधी बोलत नसे, ती म्हणाली, "मग पेट्यांची भिंत काढा. तिला उजेडाकडे निजवायचं आहे."

भिंत निघाली. फडेवाली शेठच्या बाजूला खिडकीखाली तणसाच्या ढिगावर निजू लागली, पाय उलट्या पेटीवर ठेवून. पोरांनी हाकललेला तो म्हातारा हमालही दिवसा तिथंच, कोवळ्या उन्हात. शेठ रोज येऊन कुरकुरायचे. "हे काय गोडाऊन राह्यलं? दवाखाना झाला, धर्मशाळा झाली!" असं म्हणत म्हणत डाग पडलेली संत्री तिच्याजवळ ठेवून जायचे. बसल्या जागी ती फडे बांधू लागली. म्हातारा हमाल तिला बाजारातून शिंदी आणून द्यायचा. पहिला फडा तिनं बाबूजींना दिला, आणि त्यांनी तो हातात घेऊन काय करावं ते न समजून माझ्या हातात दिला.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी सिस्टरनं पट्टी सोडली आणि मला हाक मारली. जखमेच्या जागी गुलाबी, चमकदार, नवी कातडी. सिस्टर बोटानं दाबून पाहत होती आणि फडेवाली विचारत होती, "आता काय पाहून राहिल्या? बरं झालं ना?" मी तिथंच सगळ्यांसमोर रडले. आनंदानं रडायची मला लाज वाटत नाही.

मग मी पेंटरला पकडलं. शिडी लावून त्यानं पाटीवरच्या 'रे'ला दुसरी मात्रा दिली आणि मी खाली उभी राहून पाहिलं. मात्रा जरा तिरपीच पडली. लोक जाता येता विचारायचे, आता काय बदललं? मी सांगायचे, "काही नाही. आता बारा महिने उघडं आहे."

त्याच सुमारास गावात बेघरांना झोपडीपुरती जागा देणं सुरू झालं. अट एकच, माणूस गावचा रहिवासी पाहिजे. बाबूजींना साक्ष द्यायला बोलावलं होतं, आणि त्यांचं जुनं दुखणं पुन्हा वर आलं. "रात्रीपुरतं टेकणारा माणूस रहिवासी कसा म्हणावा, मॅडम?"

"बाबूजी," मी म्हटलं, "रात तुमच्याकडं काढली, दिवस शेठकडं काढला. दोन्ही मिळून रहिवासी झाली की नाही?"

बाबूजी माझ्या आठवणीत पहिल्यांदा खदखदून हसले. साक्ष त्यांनी दिली, शेठनंही दिली. नाल्याच्या पलीकडे फडेवालीला जागा मिळाली. मातीच्या भिंती तिनं आणि त्या म्हाताऱ्या हमालानं मिळून घातल्या. शेठनं जुन्या पेट्यांच्या फळ्या दारासाठी पाठवल्या. त्यांच्यावर अजून संत्र्यांचे छाप होते.

दार बसलं त्या दिवशी ती शाळेत मला बोलवायला आली. फाटकापासून वर्गापर्यंत चालत, दोन्ही पायांवर, बिनकाठीची. मी तास सोडून तिच्याबरोबर गेले. तिनं वाटीत गेरू कालवून ठेवला होता आणि शिंदीच्या काडीचं टोक ठेचून कुंचला केला होता.

"बाई, दारावर काही लिहून द्या. साऱ्या पक्क्या घरावर काहीबाही लिहून राहते."

"काय लिहू? तुझं नाव?"

"नाव नको. घर लिहा."

मी काडी गेरूत बुडवली. तिनं एकदम माझं मनगट धरलं.

"थांबा बाई. त्याचा दुसरा काही मतलब त नाही ना निघत? पाण्यापुरतं, रातीपुरतं, असं काही?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"नाही वं," मी म्हटलं. "घर म्हणजे घर. त्याला मात्रासुद्धा नाही."

"मंग लिहा," ती म्हणाली आणि मनगट सोडलं. "मोठं लिहा."